तुंबडी लावा, तुंबडी भरू नका

नांदेड असो वा लातूर, आमच्या वस्त्यांतून फिरताना अलीकडे एक नव्या धर्तीची पाटी वारंवार नजरेस पडते. कोठे 'हिजामा सेंटर' लिहिलेले असते, कोठे 'समग्र उपचार केंद्र', तर कोठे 'होलिस्टिक थेरपी'. पाटीखाली आजारांची लांबलचक यादी असते: मधुमेह, संधिवात, लकवा, कोड, मूतखडा, वंध्यत्व. यादीच्या शेवटी भ्रमणध्वनीचा क्रमांक असतो. मात्र उपचार करणाऱ्याची पदवी आणि नोंदणी क्रमांक बहुतेक वेळा शोधूनही सापडत नाही.

आमचे अनेक व्यापारी बांधव या धंद्यात पैसा घालण्याचा विचार करीत आहेत. गाळा रिकामा पडला आहे, कापडात पूर्वीसारखा नफा राहिलेला नाही, घरातला मुलगा किंवा सून युनानीची पदवी घेऊन आली आहे, तर असे केंद्र काढावे काय, असा त्यांचा प्रश्न असतो. आमचे उत्तर असे की, जरूर काढावे. परंतु हा धंदा कापडाच्या किंवा भांड्यांच्या धंद्यासारखा नाही, हे पहिल्या दिवशीच पक्के समजून काढावे. कापड खराब निघाले तर गिऱ्हाईक परत आणून देतो. येथे गिऱ्हाईक आपले शरीर तुमच्या हाती सोपवतो. ती अमानत आहे, आणि अमानतीचा हिशेब नफ्यातोट्याच्या वहीत मावत नाही.

धंद्याला जागा आहे

प्रथम हे मान्य करू या की, या कामाला आमच्या भागात खरोखर वाव आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे युनानी इलाज, हकीमसाहेब, माजून, शरबत, सफूफ हे शब्द येथील हिंदू-मुसलमान दोघांच्याही कानांना परके नाहीत. चारमिनारजवळचे निजामिया तिब्बी महाविद्यालय व त्याचे रुग्णालय यांचे नाव आमच्याकडील म्हाताऱ्या माणसांना आजही ठाऊक असते. हैदराबादेतील केंद्र सरकारची युनानी संशोधन संस्था त्वचारोगांसाठी, विशेषतः कोडावरील उपचारांसाठी ओळखली जाते. आणि १९२० पासून त्याच शहरात तयार होणारी 'झिंदा तिलिस्मात'ची बाटली ज्या घरात कधीच आली नाही, असे घर आमच्या मोहल्ल्यात शोधावे लागेल.

दुसरे म्हणजे, दुखणीही आहेत. लातूरच्या बाजार समितीत तूर आणि सोयाबीनची पोती वाहणाऱ्या हमालाची कंबर, दिवसभर यंत्रावर वाकलेल्या शिंप्याची मान, रिक्षावाल्याचे गुडघे, वेल्डरचे खांदे, शिकवणीसाठी लातुरात येऊन राहिलेल्या विद्यार्थ्यांची उडालेली झोप, ही सगळी दुखणी मोठ्या दवाखान्यात 'किरकोळ' ठरतात. विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात किंवा लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय संस्थेत गंभीर रुग्णांचीच एवढी गर्दी असते की, कंबर धरलेल्या हमालाशी पाच मिनिटे बोलायला तेथे सवड नसते. खाजगी तपासण्यांचा खर्च त्याला परवडत नाही. तो वेदनाशामक गोळी गिळतो आणि पुन्हा पोते उचलतो. एक दिवस काम बुडाले की एक दिवसाची चूल बुडते.

अशा माणसाला शांतपणे ऐकून घेणारे, आहार, झोप व बसण्या-उठण्याची रीत सांगणारे, मालिश, शेक व साधी औषधे देणारे आणि आपल्या हाताबाहेरचा आजार दिसताच मोठ्या दवाखान्याची वाट दाखवणारे केंद्र मोहल्ल्यात असेल, तर ते लोकांच्या उपयोगी पडेल आणि चालवणाऱ्यालाही हलाल रोजी देईल.

'समग्र' म्हणजे काय?

'होलिस्टिक' हा इंग्रजी शब्द आता शहरांतून मोठ्या ऐटीत मिरवतो. वास्तविक पाहता त्यातली कल्पना आमच्या हकिमांना नवी नाही. इब्ने सीना (मृत्यू इ.स. १०३७) यांच्या 'अल-कानून'पासून युनानी वैद्यकात सहा आवश्यक गोष्टी शिकविल्या जातात: हवा, खाणेपिणे, शरीराची हालचाल व विश्रांती, मनाची हालचाल व विश्रांती, झोप व जागरण, आणि शरीरातून काय बाहेर पडावे व काय राहावे याचा तोल. या सहांना 'अस्बाबे सित्ता जरूरिया' म्हणतात. आधी यांची चौकशी करावी, आहार बदलून पाहावा, मालिश (दल्क), व्यायाम (रियाजत), हम्माम, हिजामा, जळवा यांसारख्या 'इलाज बित-तदबीर'चा विचार करावा, मग औषध द्यावे आणि शस्त्रक्रिया सर्वांत शेवटी, असा हा क्रम आहे.

म्हणजे समग्र उपचार याचा अर्थ माणूस समग्र पाहणे असा आहे. आजकाल त्याचा अर्थ एका पाटीवर बारा उपचार लिहिणे असा लावला जातो. हिजामा, चुंबक, रंग, दगड, सुया आणि वर एक परदेशी यंत्र! प्रत्येकाचे तीन दिवसांचे प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेले असते. आमचे म्हणणे असे की, ज्या केंद्रात रुग्णाला 'तुम्ही रात्री किती वाजता झोपता' हा प्रश्न विचारला जात नाही, त्या केंद्राला समग्र हा शब्द वापरण्याचा अधिकार नाही, मग तेथे बारा उपचार असोत की चोवीस.

पदवी आधी, पाटी नंतर

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. महाराष्ट्रात १९६१ चा वैद्यक व्यवसायी अधिनियम लागू आहे. त्यानुसार आयुर्वेद व युनानीचा व्यवसाय करणाऱ्याचे नाव राज्याच्या भारतीय वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत असावे लागते. नाव नसताना इलाज करणे हा गुन्हा आहे व त्यास तुरुंगवासाची तरतूद आहे. नोंदवहीत नाव येण्यासाठी बी.यू.एम.एस. पदवी लागते. 'नीट' परीक्षेतून प्रवेश, साडेचार वर्षे शिक्षण आणि एक वर्ष प्रत्यक्ष रुग्णालयात काम, अशी ती साडेपाच वर्षांची तपश्चर्या आहे. पुण्यातील आझम कॅम्पस, मुंबईत वर्सोवा आणि मालेगावातील मन्सूरा येथे युनानी महाविद्यालये आहेत. आमच्या समाजातील मुली मोठ्या संख्येने या पदव्या घेत आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे.

ज्या मुलीने साडेपाच वर्षे घालवली तिच्या दवाखान्यासमोर तीन दिवसांचा कोर्स केलेला माणूस दुप्पट मोठी पाटी लावतो आणि रुग्ण पाटी पाहून जातो, हा त्या मुलीवर अन्याय आहेच. पण रुग्णावर होणारा अन्याय त्याहून मोठा आहे. ओल्या हिजाम्यात त्वचेवर छेद देऊन रक्त काढले जाते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारा हृदयरोगी, अंगात रक्त कमी असलेली बाई, गरोदर स्त्री, जखम लवकर न भरणारा मधुमेही यांच्यावर ब्लेड चालवण्यापूर्वी थांबायला हवे. हे थांबणे तीन दिवसांत शिकवता येत नाही.

येथे काही बांधव म्हणतात, 'हिजामा सुन्नत आहे, सुन्नतीला परवाना कशाला?' त्यांनी हदीसचाच पुढचा भाग वाचावा. पैगंबर (स.) यांनी हिजामा करवून घेतला आणि करणाऱ्याला त्याची मजुरीही दिली, हे खरे आहे. कारागिराचा हक्क त्यातून सिद्ध होतो. परंतु अबू दाऊद यांच्या संग्रहात असेही आले आहे की, वैद्यकाचा जाणकार म्हणून जो ओळखला जात नाही त्याने इलाज केला आणि अपाय झाला, तर तो त्या नुकसानीस जबाबदार राहील. सुन्नतीचे नाव घेऊन फी घ्यायची आणि सुन्नतीनेच सांगितलेली जबाबदारी मात्र झटकायची, हे कोणत्या शरीअतीत बसते?

इतिहासही हेच सांगतो. इ.स. ९३१ मध्ये बगदाद शहरात वैद्याच्या चुकीने एक रुग्ण दगावला. खलीफा मुक्तदिर यांनी सिनान बिन साबित या हकिमाकरवी शहरातील वैद्यांची परीक्षा घेण्याचा हुकूम काढला आणि आठशेहून अधिक जणांची तपासणी झाली. बाजारावर देखरेख करणाऱ्या मुहतसिबांसाठी लिहिलेल्या जुन्या अरबी ग्रंथांत तुंबडी लावणाऱ्यांच्याही परीक्षेची रीत दिली आहे. विटेवर कागद चिकटवून त्यावर छेद मारायला सांगावे, कागद आरपार फाटला तर हात जड आहे असे समजावे. परवाना आणि तपासणी ही कल्पना इंग्रजांनी आणलेली नाही. ती आमच्या बाजाराची जुनी शिस्त आहे आणि आम्हीच ती विसरलो आहोत.

'आमच्या आजोबांच्या काळी हज्जाम तुंबडी लावीत असे, त्याच्याकडे कोठे पदवी होती?' असेही विचारले जाते. पदवी नव्हती, पण उस्ताद होता, वर्षानुवर्षांची उमेदवारी होती आणि मोहल्ला होता. चूक झाली तर त्याला त्याच मशिदीत त्याच सफेत उभे राहायचे असे. आज परगावचा माणूस आठवड्यातून एक दिवस लॉजवर खोली घेऊन हिजामा करतो आणि दुसऱ्या दिवशी गाव सोडतो. शिवाय त्या काळी कावीळ-ब आणि एड्सचे विषाणू रक्तातून पसरतात हे कोणाला ठाऊक नव्हते. आज ठाऊक आहे. ठाऊक असल्यावर जबाबदारी वाढते.

रक्ताचा हिशेब

हिजामा करणाऱ्या केंद्राने रक्ताचा हिशेब पैशाच्या हिशेबाइतकाच चोख ठेवला पाहिजे. प्रत्येक रुग्णाला नवे ब्लेड, एकदाच वापरण्याचा नवा प्लास्टिकचा कप, नवे हातमोजे. काचेचे कप वापरायचे असतील तर ते दाबाच्या वाफेवर निर्जंतुक करण्याचे यंत्र हवे. गरम पाण्यात बुचकळून काढणे म्हणजे निर्जंतुक करणे नव्हे. काम करणाऱ्या प्रत्येकाने कावीळ-ब ची लस घेतलेली असावी.

वापरलेले सामान नगरपालिकेच्या घंटागाडीत टाकता येत नाही. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, प्लास्टिकचे कप लाल पिशवीत आणि ब्लेड भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात जातात. हा कचरा नेणाऱ्या अधिकृत यंत्रणेशी करार करावा लागतो आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते. खाटा नसलेल्या दवाखान्याला ती एकदाच घ्यावी लागते. प्रक्रिया न झालेला असा कचरा ४८ तासांहून अधिक काळ ठेवायचा नाही, असाही दंडक आहे. कागदाचे काम कंटाळवाणे वाटेल, पण कचऱ्यातून भंगार वेचणारी मुले बहुधा आमच्याच वस्त्यांतली असतात. कोणाच्या बोटाला ते ब्लेड लागेल याचा विचार केला की कंटाळा आपोआप जाईल.

लातूरकरांनी पाण्याचाही हिशेब आधी करावा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणून ज्या शहराची तहान भागवावी लागली, तेथे हम्माम, वाफ आणि रोज धुवायच्या चादरी यांच्यावर आधारलेले केंद्र काढताना टाकी, बोअर आणि उन्हाळ्यातील टँकरचा खर्च धरूनच फी ठरवावी. मे महिन्यात पाणी नाही म्हणून त्याच चादरीवर दुसरा रुग्ण झोपवणे आम्हाला चालणार नाही.

पैसा कोठे लावावा?

आमचे वाचक व्यापारी आहेत, म्हणून हिशेब व्यापाऱ्याच्या पद्धतीने मांडू. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत, आपल्या गावचे भाव घालून ते बदलून घ्यावेत.

समजा, गाळ्याचे भाडे महिना ८,००० रुपये, एक पुरुष व एक स्त्री मदतनीस मिळून १८,०००, वीज व पाणी ४,०००, कचरा, धुलाई व किरकोळ २,००० आणि डॉक्टरांचे मानधन ३०,०००. एकूण ६२,००० रुपये. रुग्णामागे फी ५०० रुपये आणि सामानाचा खर्च १००, म्हणजे हाती उरतात ४००. खर्च भरून निघायला महिन्याला १५५ रुग्ण लागतात. २६ दिवस काम धरले तर दिवसाला सहा. प्रत्येकाला पाऊण तास दिला तर साडेचार तासांचे काम. म्हणजे घाई न करता, कोणाला फसवल्याशिवाय हे केंद्र चालू शकते. मात्र पहिल्याच महिन्यात सहा रुग्ण रोज येणार नाहीत. सहा-आठ महिने खर्च सोसण्याची ताकद नसेल तर यात पडू नये. कारण नुकसान दिसू लागले की माणूस नको त्या रुग्णाला नको तो इलाज सांगू लागतो.

चांद्र महिन्याच्या १७, १९ व २१ तारखांना हिजाम्यासाठी गर्दी होते. काही केंद्रे या तीन दिवसांवरच महिना काढू पाहतात. एका दिवसात तीस-चाळीस जण उरकायचे म्हटले की प्रथम हातमोजे बदलणे सुटते, मग चौकशी सुटते. आमची सूचना अशी की, त्या दिवशीही जितक्यांना पूर्ण वेळ देता येईल तितक्यांचीच नावे घ्यावीत, बाकीच्यांना नम्रपणे दुसरा दिवस द्यावा.

आता भागीदारीचा प्रश्न. पैसा एकाचा आणि हुनर दुसऱ्याचा ही रीत आमच्या व्यापारात जुनी आहे. कापडात, चामड्यात ती जरूर चालवावी. परंतु इलाजात रुग्णामागे टक्का ठरवू नये. मालकाला दर रुग्णामागे हिस्सा मिळू लागला की तो डॉक्टरांना विचारणार, 'आज एवढेच कसे?' आणि जो इलाज नको होता तो होणार. म्हणून व्यापाऱ्याने आपला पैसा जागेत, फर्निचरमध्ये व यंत्रांत घालावा आणि ठरलेले भाडे घ्यावे, किंवा डॉक्टरांना ठरलेले मानधन द्यावे. कोणावर काय इलाज करायचा हा शब्द फक्त डॉक्टरांचा असावा, हे स्टँप पेपरवर लिहून घ्यावे. तपासणी केंद्राकडून किंवा अत्ताराकडून रुग्ण पाठवल्याचे कमिशन घेणे म्हणजे रुग्णाच्या खिशातून त्याच्या नकळत पैसे काढणे होय. त्याला दुसरे नाव देऊ नये.

कराचेही ध्यानात असू द्यावे. मान्यताप्राप्त पद्धतीच्या नोंदणीकृत वैद्याने केलेल्या उपचारावर जीएसटी नाही. केवळ आरामासाठी केलेल्या मालिशीसारख्या सेवांवर तो आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के झाला आहे. दोन्हींच्या पावत्या वेगळ्या ठेवाव्यात आणि उलाढाल वाढली की हिशेबनीसाला विचारावे.

अत्तार बंधूंसाठी

हैदराबादच्या बेगम बाजारातून माल आणणाऱ्या आमच्या अत्तार बंधूंचा या धंद्याशी जवळचा संबंध आहे. ज्याच्या दुकानात माल ओळखणारी नजर आहे, तो अत्तार म्हणजे हकिमाचा उजवा हात. सांधेदुखीवर वापरतात ते सुरंजान शीरीं वेगळे आणि सुरंजान तल्ख वेगळे. पहिले जाणकाराच्या सांगण्यावरून पोटात घेतात, दुसरे विषारी आहे. कुचला, बचनाग, धोतऱ्याचे बी ही द्रव्ये औषध कायद्याच्या विषारी द्रव्यांच्या यादीत आहेत. ती चिठ्ठीशिवाय आणि ओळखीखातर देण्याच्या वस्तू नव्हेत.

हकिमाने आपल्या स्वतःच्या रुग्णासाठी औषध तयार केले तर १९४० च्या औषध कायद्यानुसार त्याला उत्पादनाचा परवाना लागत नाही. पण तीच पुडी डबीत भरून, नाव छापून दुकानात विकायला ठेवली की परवाना लागतो. या दोहोंमधली रेषा स्पष्ट आहे. आणि 'देशी सफूफ' म्हणून विकल्या जाणाऱ्या ज्या पुडीने सांधेदुखी दुसऱ्याच दिवशी थांबते, तिच्यात स्टेरॉइड कुटून घातलेले नाही ना, हे विचारण्याचे धाडस अत्ताराने दाखवावे. तो विचारणार नाही तर कोण विचारणार? रुग्णाला गुण आल्यासारखा वाटतो, तोंड सुजते, हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते आणि बदनाम होते ते युनानी.

जाहिरात आणि आम्ही

१९५४ चा औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम बहुतेकांना माहीत नसतो. त्याच्या परिशिष्टात ५४ आजार व अवस्था आहेत: मधुमेह, कर्करोग, लकवा, कोड, मूतखडा, संधिवात, लठ्ठपणा, रक्तदाब, अपस्मार, स्त्रियांचे वंध्यत्व, इतकेच काय, उंची वाढवणेसुद्धा. हे आजार बरे करणाऱ्या औषधाची जाहिरात करणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास किंवा दंड किंवा दोन्ही. लेखाच्या आरंभी आम्ही जी पाटी वर्णिली, तिच्यावरचे सर्व आजार या परिशिष्टात सापडतील. जादूटोण्याच्या उपायांच्या व्याख्येत ताईत आणि मंत्रही येतात. हा कायदा जाहिरात देणाऱ्यापुरता नाही, ती प्रसिद्ध करण्यात भाग घेणाऱ्यालाही लागू होतो. म्हणून अशी जाहिरात नाकारणे हे आम्हा साप्ताहिकवाल्यांचेही कर्तव्य आहे. जाहिरातीच्या पैशाने अंक निघतो हे आम्हाला ठाऊक आहे, तरीही.

मग पाटीवर लिहावे काय? डॉक्टरांचे नाव, पदवी, नोंदणी क्रमांक, वेळ, स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर आहे की नाही, आणि फी. एवढे पुरेसे आहे. हिजाम्याने मान व कंबरदुखीत काही काळ आराम पडतो असे काही लहान अभ्यासांतून दिसले आहे, पण त्या अभ्यासांचा दर्जा बेताचा आहे. मधुमेह किंवा कर्करोग त्याने बरा होतो याला पुरावा नाही. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या खांद्यावर तुंबडीचे गोल वण जगाने पाहिले आणि पाश्चात्त्यांतही ही चाल वाढली. पण त्याच्या पदकांमागे वर्षानुवर्षांचा सराव होता, कप नव्हता. 'गोळ्या बंद करा, हिजामा करा' असे मधुमेह्याला सांगणारा माणूस कितीही गोड बोलत असला तरी तो त्या रुग्णाचा हितचिंतक नाही.

यावर कोणी म्हणेल, 'मोठे दवाखाने लुटतात ते दिसत नाही का?' दिसते. पण दुसऱ्याच्या तराजूत खोट आहे म्हणून आपला तराजू वाकडा ठेवण्याची मुभा मिळत नाही. आणि कायद्याचा हात आता लांब आहे. फी घेऊन केलेला इलाज ही ग्राहक कायद्याखालील सेवा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ठरवले. १९९६ मध्ये त्याच न्यायालयाने, आपण न शिकलेल्या पद्धतीची औषधे देणे हाच निष्काळजीपणा होय, असे सांगून मुंबईतील एका होमिओपॅथला मृत रुग्णाच्या पत्नीस तीन लाख रुपये भरपाई द्यायला लावली. तो तर नोंदणीकृत होता. तीन दिवसांच्या प्रमाणपत्रवाल्याचे काय होईल?

आता काय करावे?

तीन दिवसांचा कोर्स केलेल्या तरुणांना आम्ही हाकलून देण्याच्या मताचे नाही. त्यांच्यापैकी बरेच जण मेहनती आहेत, कित्येकांच्या घरात मालिशीचा, हाताच्या कसबाचा वारसा आहे. त्यांनी नोंदणीकृत डॉक्टरांच्या हाताखाली मदतनीस म्हणून काम करावे, मालिश व शेक नीट शिकावा, रुग्णांची नोंदवही ठेवावी. ब्लेड मात्र हाती घेऊ नये. घरात मूल हुशार असेल तर त्याला या पदवीला घालावे.

पदवीधरांनी, विशेषतः आमच्या लेकींनी, भीड सोडून केंद्रे काढावीत. शेजारणीच्या ओळखीने येणारी एक बाई दहा बायकांना घेऊन येते, तिच्यापुढे कोणतीही पाटी फिकी आहे. व्यापाऱ्यांनी त्यांना वाजवी भाड्याने गाळे द्यावेत. मशिदींच्या विश्वस्तांनी आवारात हिजाम्याचे शिबिर भरवू देण्यापूर्वी डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि कचरा नेणाऱ्याचा करार मागावा. एवढे दोन कागद मागितले तरी निम्मी शिबिरे आपोआप बंद पडतील.

आणि प्रत्येक केंद्रात एक वही असावी, तिच्यात परत पाठवलेल्या रुग्णांची नोंद व्हावी. छातीत कळ येते म्हणून आलेला, पण तुंबडी न लावता तात्काळ मोठ्या दवाखान्यात धाडलेला. साखर वाढलेली, म्हणून छेद नाकारलेली. गाठ दिसली म्हणून तपासणीला पाठवलेली. ज्या केंद्राची ही वही कोरी आहे, तेथे आपल्या आईला नेऊ नये, असे आम्ही वाचकांना सांगू. ज्याची ती भरलेली आहे, त्याला पाटीवर एकही आजार लिहावा लागणार नाही.

मराठीत तुंबडी शब्दाचे दोन उपयोग आहेत. तुंबडी लावणे म्हणजे दुखऱ्या अंगाला आराम देणे, आणि तुंबडी भरणे म्हणजे आपला स्वार्थ साधणे. आमच्या बांधवांनी पहिले काम शिकून, परवाना घेऊन, स्वच्छ हातांनी जरूर करावे. त्यात रोजी आहे आणि अल्लाहने चाहले तर बरकतही आहे. दुसऱ्या कामासाठी मात्र रुग्णाचे शरीर वापरू नये.